हिरव्या खड्याचं कडं

टक्क करून आधी कडं टेबलावर आपटलं आणि मग पाकिटावर शिक्का उमटला, तोही तिरका.

“चौथा,” शेजारच्या टेबलावरून आवाज आला. “अगं, शिक्का मारतेयस की कुणाच्या दाराची कडी वाजवतेयस?”

जावकबाईंनी मान वर केली नाही. कचेरीतून बाहेर जाणाऱ्या टपालावर शिक्का मारायचा आणि त्याची वहीत नोंद करायची, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं तेच करत होत्या, म्हणून त्या जावकबाई. शेजारी बसून येणारं टपाल घेणाऱ्या त्या आवकबाई. दोघींची खरी नावं पगाराच्या कागदावर तेवढी उरली होती. स्वभाव मात्र कामाच्या नेमके उलटे. आवकबाईंच्या पोटात आलेलं काही राहत नसे, आणि जावकबाईंच्या तोंडून काही बाहेर पडेल तर शपथ.

अशा बाईच्या उजव्या हातात गेला महिनाभर ते कडं होतं. चार बोटं रुंद, एका बाजूने उघडं, पितळेच्या रंगाचं, मधोमध कोटाच्या बटणाएवढा हिरवा काचेचा खडा आणि कडेने मण्यांच्या दोन ओळी. लांबून पाहिलं तर नाटकातल्या राणीच्या हातातून निसटलेलं वाटावं. जवळून पाहिलं की पत्रा कळायचा. आणि ते राखाडी स्वेटरवर, तपकिरी शर्टावर, फुलाफुलांच्या ब्लाउजवर, एकदा तर पावसाळी कोटाच्या बाहीवरून! ज्या बाईने पन्नास वर्षांत पट्टा झिजलेल्या घड्याळापलीकडे मनगटाला काही लावलं नाही, तिने हे रोज घालून यावं, म्हणजे कचेरीला चघळायला विषयच. “काय, कुठे ठरलं की काय?” असं मोठ्या साहेबांनी विचारून घेतलं होतं आणि स्वतःच पोटभर हसले होते.

दुपारी डबा उघडता उघडता आवकबाईंनी मुद्द्यालाच हात घातला. “खरं सांग. कुणी दिलं?”

“आईने.”

“आईने? तुझ्या? तिला तर...” आवकबाई थांबल्या. जावकबाईंच्या आईला विसरण्याचा आजार आहे, हे कचेरीला माहीत होतं. तेही जावकबाईंनी सांगितलं नव्हतं, रजेच्या अर्जावरून कळलं होतं.

का कोण जाणे, त्या दिवशी जावकबाई बोलल्या.

आई शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हीकडे सुतांचे तुकडे. तिला गिऱ्हाइकाचं नाव कधी लक्षात राहिलं नाही, आजार नव्हता तेव्हाही. चेहरासुद्धा राहायचा नाही. माप राहायचं. रस्त्यात कुणी भेटलं की आई हळूच म्हणायची, “ही बघ, छत्तीस-तीस, उजवी बाही अर्धा इंच लांब.” मुलगी शाळेत असताना शेजारपाजारच्या मुलींचे झगे आई तिच्याच अंगावर बेतायची. तोंडात टाचण्या धरून म्हणायची, “हलू नकोस. थोडा वेळ.” आणि मुलगी दोन्ही हात लांब करून उभी राहायची. झगा कधीच तिचा नसायचा. तरी ते उभं राहणं तिला आवडायचं, कारण आई एरवी मान वर करून बघायचीच नाही, आणि तेव्हा मात्र अंगाचा इंच इंच बघायची.

महिन्यापूर्वी दोघी डॉक्टरांकडून परत येत होत्या. फुटपाथवर एकाने चादर पसरून खोटे दागिने मांडले होते. आई थांबली. खाली वाकून नेमकं ते कडं उचललं आणि मुलीचा हात धरून चढवलं. विक्रेता म्हणाला, “बघा हं आजी, ढिलं होईल.” आई म्हणाली, “साडेसहा मनगट आहे तिचं. डावं पाव इंच कमी. मला सांगतोस?” रुमालाच्या गाठीतून तिने स्वतः पैसे दिले. दोन कप चहाची किंमत, तेवढीच.

“मग चार दिवसांनी मी कामावरून घरी गेले,” जावकबाई म्हणाल्या, “तर आई मला म्हणाली, बाई, आज शिलाई बंद आहे, उद्या या.”

आवकबाईंचा घास हातातच राहिला.

“मी म्हटलं, आई, मी आहे. तर म्हणाली, हो हो, उद्या या. दारच लावायला निघाली. मग मी दार धरलं ना, तेव्हा तिला हे दिसलं.” त्यांनी कड्यावर बोट ठेवलं. “लगेच म्हणाली, आलीस होय? किती उशीर गं. तेव्हापासून मी हे काढत नाही. चेहरा गेला माझा तिच्या लेखी. हे तेवढं राहिलंय.”

आवकबाईंनी डबा मिटला. डोळे पुसले, नाक पुसलं, आणि त्यांचा स्वभावच असा की पुढच्याच श्वासाला म्हणाल्या, “ते सगळं खरं, पण बाई, हे फुलाफुलांवर नाही गं चालत!”

दुसऱ्या दिवसापासून आवकबाईंनी ते काम अंगावर घेतलं. पहिलं म्हणजे कडं उजव्या हातातून डाव्यात गेलं. शिक्के सरळ पडू लागले. घड्याळ पर्समध्ये गेलं. “हातात एवढा ढोल वाजतोय ना, मग बाकीच्यांनी गप्प बसायचं. कानात बारीक टिकल्या. गळ्यात काही नाही.” राखाडी स्वेटरची बाही कोपराखाली दोन घड्या वर. पांढरा शर्ट असेल तर मनगटाचं बटण उघडं आणि कडं उघड्या हातावर, बाहीवरून नाही. काळा स्कर्ट, निळी पँट, जे काय रोजचं असेल ते असू दे, पण एका रंगाचं. “आणि गडद हिरवा शर्ट अजिबात नको, खडा बिचारा हरवतो त्यात.” फुलाफुलांच्या ब्लाउजची कपाटातच रवानगी झाली.

गंमत म्हणजे घरी आईचाही अभिप्राय तोच पडला. संध्याकाळी मुलगी दारात उभी राहिली की आई आधी मनगट बघायची, मग बाही. “आज बरं दिसतंय. लक्ष एका ठिकाणी गेलं पाहिजे माणसाचं. बाही अजून एक बोट वर घे.” गळ्यात कायमची अडकवलेली मापाची टेप सारखी करत आई बोलायची, आणि त्या दहा मिनिटांत आजार घरात नसल्यासारखाच वाटायचा. जावकबाई सकाळी आरशासमोर उभ्या राहायला लागल्या. कचेरीत टपाल न्यायला येणारा शिपाईदेखील एकदा म्हणाला, “बाई, अलीकडे तुम्ही छान दिसता हं.” त्या दिवशी त्यांनी दोन पाकिटांवर एकच क्रमांक टाकला.

स्वस्ताच्या मालाचं जे व्हायचं ते झालंच. मुलामा उडाला आणि मनगटावर हिरवट काळा वळ उमटू लागला. आवकबाईंकडे त्यालाही उपाय होता. “आतून बिनरंगाचं नेलपॉलिश लाव. दोन हात. पण नीट वाळू दे, घाई करू नकोस.”

जावकबाईंनी सकाळी उठून नेलपॉलिश लावलं. ओलं कडं स्वयंपाकघरातल्या खिडकीत ठेवलं आणि कामाच्या गडबडीत तिथेच विसरून कचेरीत गेल्या.

दिवसभर आईजवळ एक सोबतीण असायची. तिशीच्या आतली, काटकुळी, हसरी. स्वतःचं घर आवरून यायची आणि दुसऱ्याची आई स्वतःची असल्यासारखी सांभाळायची. हल्ली ती रोज काही ना काही सांगत होती. “ताई, दुपारी फार हाल होतात हो आजींचे. मुलगी कुठे, मुलगी कुठे, करत दाराशी उभ्या राहतात. घास घेत नाहीत. परवा उंबऱ्यावर पडता पडता वाचल्या.” जावकबाई ऐकून घ्यायच्या. रजा किती काढणार? काढून खायचं काय?

त्या दिवशी जिना चढताना त्यांच्या लक्षात आलं की हात रिकामा आहे. आता आई दार लावून घेणार.

पण दार उघडंच होतं. आई खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, पोट भरलेलं, चेहऱ्यावर कित्येक दिवसांत नव्हती अशी शांतता. शेजारी स्टुलावर सोबतीण, आणि तिच्या मनगटात कडं. आईने तिचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

“या,” आई जावकबाईंना म्हणाली. “कोण हवंय? ही माझी मुलगी. आज लवकर आली कामावरून.”

सोबतीण ताडकन उठली. “ताई, शपथ घेऊन सांगते, मुद्दाम नाही केलं. खिडकीत होतं. आजी सकाळपासून पाणीसुद्धा घेत नव्हत्या. मी सहज हातात घातलं आणि त्या एकदम... पोटभर जेवल्या हो ताई. झोपल्यासुद्धा.”

ती कडं काढायला लागली. आई घाबरून म्हणाली, “निघालीस? आत्ताच तर आलीस.”

जावकबाईंना त्या क्षणी सोबतिणीचा राग आला. इतका, की हात उगारावासा वाटला. आणि लगेच त्या रागाची लाजही वाटली, कारण आई जेवली होती. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “थोडा वेळ राहू दे.” मग स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला आणि तोंड धुतलं, बराच वेळ.

शनिवारी आवकबाई त्यांना घेऊन फुटपाथ पालथा घालत हिंडल्या. असलंच दुसरं मिळालं की प्रश्न मिटला, दोघींच्या हातात एकेक. पण स्वस्त माल एकदा येतो आणि जातो. चादरवाल्याकडे लाल खड्याचं होतं, तेवढंच. तेही घेतलं. आईने ते बघून कौतुक केलं, “छान आहे हो. कुठून घेतलंत?” आणि खुर्ची पुढे केली, गिऱ्हाइकाला करतात तशी.

तेव्हा जावकबाईंनी स्वतःच एक तोडगा काढला. सकाळी निघताना दाराबाहेर कडं सोबतिणीच्या हातात द्यायचं, संध्याकाळी दाराबाहेरच परत घ्यायचं. आईला दिवसभर मुलगी मिळेल आणि संध्याकाळीही मिळेल. कचेरीत आवकबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या नेहमीसारखं काही बोलल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “बघ बाई. जपून.”

दोन-तीन महिने ते जमलं. सोबतीण बारीक, म्हणून कडं तिला ढिलं व्हायचं, ती ते दाबून घ्यायची. जावकबाई परत उघडून घ्यायच्या. जिन्यात उभं राहून मनगटात चढवताना ते दुसऱ्याच्या अंगाने कोमट असायचं. आईचं वजन वाढलं. दाराशी उभं राहणं थांबलं. सोबतीण दिवसभर त्या हाताने भरवत होती, न्हाऊ घालत होती, रेडिओ लावून देत होती. जावकबाई त्या हाताने संध्याकाळचं जेवण वाढायच्या आणि अंथरूण घालायच्या. हिशेब कुणीही करावा.

मग एका संध्याकाळी जावकबाई पांढरा शर्ट, बाही वर दुमडलेली, डाव्या हातात कडं, अशा अगदी आवकबाईंच्या शिस्तीत आत आल्या. आईने मनगटाकडे पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या.

“हे तुमच्याकडे कसं आलं?”

“आई, माझंच आहे. तूच घेतलंस मला.”

“माझ्या मुलीचं आहे ते!” आईचा आवाज चढला. “मी स्वतः घेऊन दिलंय. काढा. काढा आधी! शिलाईला येता आणि घरातल्या वस्तू उचलता?”

ती उठून त्यांच्या हाताला झोंबू लागली. म्हाताऱ्या बोटांत कुठून एवढा जोर आला कोण जाणे. कड्याची कड लागून मनगटावर ओरखडा उठला. जिन्यात अर्ध्यावर पोचलेली सोबतीण आवाज ऐकून परत वर आली. जावकबाईंनी कडं काढलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते घातलं. आई तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. “कुठे गेली होतीस? ती बाई तुझं घेऊन चालली होती.”

जावकबाई आपल्याच घरात भिंतीला टेकून उभ्या होत्या. आपणच दिलं, हे त्यांच्या मनात सारखं येत होतं. दुसऱ्या कुणी नाही, आपणच रोज सकाळी जिन्यात उभं राहून दिलं.

त्यानंतर त्यांनी कडं मागितलं नाही. सोबतीण म्हणायची, “ताई, मी नाही घालत उद्यापासून.” त्या म्हणायच्या, “घाल. तिला बरं वाटतं ना? मग झालं.” आईच्या झोपेची वेळ होईपर्यंत सोबतीण थांबू लागली. कचेरीत पट्टा झिजलेलं घड्याळ परत हातात आलं. आवकबाईंनी एकदा नवा पट्टा आणून दिला. तो त्यांनी बसवून घेतला. एका सोमवारी त्या फुलाफुलांचा ब्लाउज घालून आल्या तेव्हाही आवकबाई गप्पच राहिल्या.

पुढे एका संध्याकाळी त्या घरी पोचल्या तेव्हा आई मशीनच्या टेबलाशी उभी होती. मशीन कधीच झाकून ठेवलेलं होतं. पण टेबलावर कपाटातून काढलेलं जुनं निळं कापड पसरलं होतं, आणि शेजारी खडूचा तुकडा. सोबतीण स्टुलावर बसून पालेभाजी निवडत होती.

“या बाई,” आई म्हणाली. “माप द्यायचंय ना?”

जावकबाई नाही म्हणणार होत्या. बूट काढून झाले होते, दमल्या होत्या. पण आईने गळ्यातली टेप हातात घेतली होती, आणि मान वर करून त्यांच्याकडे बघत होती.

“हो,” त्या म्हणाल्या. “द्यायचंय.”

“घड्याळ काढा. सरळ उभ्या राहा.”

आईचे हात टेप धरल्यावर थरथरत नसत. पाठ झाली, छाती झाली. खांद्यावर टेप ठेवून ती थांबली. “डावा उतरता आहे तुमचा. काय काम करता?”

“लिहिण्याचं.”

“तरीच.” मग तिने उजवं मनगट धरलं, टेप गुंडाळली. “साडेसहा.” डावं धरलं. ओरखड्याची पुसट रेघ अजून होती, त्यावरून टेप फिरवली. “सव्वासहा.”

आणि ती तशीच थांबली. टेप मनगटाभोवती, बोट आकड्यावर. तिने नजर वर केली आणि जावकबाईंच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. जावकबाई मनातल्या मनात म्हणत होत्या, आई, म्हण. एकदाच म्हण.

आईने मागे सोबतिणीकडे एक नजर टाकली आणि जवळ येऊन अगदी हळू आवाजात बोलली.

“तिला ऐकू जायला नको. माझ्या मुलीचं हेच माप होतं हो. साडेसहा, आणि डावं पाव कमी. खांदासुद्धा असाच. आता बघा, कशी वाळली आहे. हातातलं कडं गळून पडतंय. मी तिला खाऊ घालते, पण अंगालाच लागत नाही. फार काळजी वाटते मला तिची.”

जावकबाईंनी मनगट तसंच टेपमध्ये राहू दिलं.

“तिच्यासाठी कोट बेतायचाय,” आई म्हणाली. “होईल परत अंगाने पहिल्यासारखी, तेव्हा हवा ना? पण आता तिच्या अंगावर माप जुळत नाही. तुमच्या अंगावर बेतू का? उगीच तुमचा खोळंबा.”

“खोळंबा कसला,” जावकबाई म्हणाल्या. “बेता.”

आईने निळं कापड त्यांच्या खांद्यावर टाकलं. टाचण्यांची डबी उघडली, चार टाचण्या ओठांत धरल्या आणि त्यांच्याआडून म्हणाली, “हलू नका हं. थोडा वेळ.”

स्टुलावर सोबतीण मान खाली घालून रडत होती. कड्याचा हात तिने भाजीखाली लपवला होता. आई एकेक टाचणी लावत, मागे सरून बघत, पुन्हा जवळ येत होती. पाठ, बाही, उतरता खांदा, इंच इंच.

“दमलात तर सांगा,” आई म्हणाली.

“नाही दमत,” जावकबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हात लांब करून उभ्या राहिल्या.